मांडवीचा शेजार

रत्नागिरी पाहावयास येणाऱ्या मंडळींची मांडवी एका संध्याकाळींत आटोपते. धक्क्याच्या टोकापर्यंत जावें, उजव्या हातास रत्नदुर्गाचा कडा आणि डाव्या हातास भाट्याच्या खाडीचें मुख पाहावें, सूर्य बुडाला कीं कागदांतली भेळ संपवून परत फिरावें. वाळू काळी कशी, हा प्रश्न बहुतेक सर्व विचारतात. मिऱ्याच्या बाजूस आहे तो 'पांढरा समुद्र' आणि हा 'काळा समुद्र', एवढें सांगितलें कीं त्यांचें समाधान होतें. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु या धक्क्याच्या पाठीमागें, माडांच्या सांवलींत, जांभ्या दगडांच्या गडग्यांनीं एकमेकांपासून वेगळीं केलेलीं जीं घरें आहेत, त्यांपैकीं एकांत आमचें अर्धें आयुष्य गेलें; आम्हांस ठाऊक असलेली मांडवी ती. गंमत अशी कीं, येथील रहिवासी धक्क्यावर गेला तर सूर्याकडे पाहत नाहीं. तो समुद्राकडे पाठ करून बसतो आणि आज कोण आलें, कोण आलें नाहीं, याची नोंद घेतो.

नांवाची व्युत्पत्ति सांगितल्यावांचून संस्कृताच्या शिक्षकास पुढें जातां येत नाहीं, ही खोड वाचकांनीं क्षमा करावी. जुन्या कोरीव लेखांतून 'मण्डपिका' असा शब्द आढळतो. मालावर कर घेण्याचें ठाणें, असा त्याचा अर्थ. त्यावरून मांडवी. मुंबईस मांडवी आहे, कच्छांतही आहे. जेथें माल उतरला आणि जकात मोजली गेली, तेथें हें नांव पडलें. म्हणजे आमच्या वस्तीचें नांवच मुळीं हिशेबावरून आलेलें. या नांवांतील थट्टा आमच्या ध्यानांत यावयास सात वर्षें लागलीं.

आम्ही मूळचे वाईचे. तेथें वाड्यास वाडा लागलेला, भिंत समाईक. पण रात्रीं दिंडीदरवाजाची कडी सरकली कीं जो तो आपल्या घरचा राजा. 1987 च्या जूनमध्यें नोकरीनिमित्त बिऱ्हाड घेऊन आम्ही मांडवीस आलों, तों पाऊस असा कीं पागोळ्यांच्या आवाजांत एकमेकांचें बोलणें ऐकूं येईना. सामान अजून गोणपाटांत बांधलेलें होतें. तेवढ्यांत गडग्यापलीकडची बाई डोक्यावर इरलें घेऊन आली आणि ओटीवर एक सूप ठेवून उभी राहिली. सुपांत तांदूळ, एक नारळ, मूठभर आमसुलें आणि मीठ. "शिजवलेलं तुम्हांला चालेल न चालेल, म्हणून कोरडंच आणलं," असें ती संकोचानें म्हणाली.

हें ऐकून आमची मान खालीं गेली. ज्या गांवांत सावरकरांनीं 1924 पासून 1937 पर्यंतच्या स्थानबद्धतेंत सहभोजनें घडवून आणलीं, आणि ज्या गांवांत भंडारी समाजांतील भागोजीशेठ कीर यांनीं स्वतःच्या खर्चानें उभारलेलें पतितपावन मंदिर 1931 सालीं सर्व हिंदूंस खुलें झालें, त्याच गांवांतील भंडारी घरच्या बाईस अर्धशतक उलटल्यावरही दारांत उभें राहून हा विचार करावा लागत होता. मंदिर उघडतें तें एका दिवशीं; चुलीपर्यंत पोंचावयास त्यास वेळ लागतो. आमची पत्नी आमच्याहून चतुर. ती म्हणाली, "काकी, आजचं हें असूं दे. उद्यां मात्र शिजवलेलंच पाठवा."

दुसऱ्या दिवशीं फणसाची भाजी आली, आणि डब्यांची ये-जा सुरू झाली. त्या घरीं मासळी रोजची. म्हणून काकींनीं झांकणाचा एक पितळी डबा आमच्याकरितां निराळा काढून ठेवला. त्यांत दुसरें कांहीं कधीं घातलें जात नसे. आम्हीं तसें कधींच सांगितलें नव्हतें. डबा रिकामा परत करावयाचा नाहीं, हा येथील सर्वमान्य नियम. घरांत कांहींच नसलें तर चिमूटभर साखर तरी घालावी. आमच्याकडून मेतकूट, दाण्याची चटणी, सणावारीं पुरणपोळी जाई. तिकडून घावनें, सांदणें, उन्हाळ्यांत आंबे. कोणाचें किती गेलें हें कोणी पाहत नसे. आम्ही मात्र मनांतल्या मनांत पाहत होतों. शिक्षकाची दृष्टि, बेरीज डोळ्यांपुढें आपोआप उभी राहते.

आणखी एका गोष्टीचा आम्हांस फार जाच होई. बेड्याबाहेर पाऊल टाकलें कीं पहिल्या ओटीवरून प्रश्न येई, "कुठे चाललात, मास्तर?" दुसऱ्या ओटीवरून तोच. शाळेची पिशवी हातांत, घड्याळांत साडेदहा. मनुष्य शाळेंत चालला आहे हें आंधळ्यासही दिसावें! परत येतांना, "आलात काय?" प्रथम आम्ही खरोखरीचें उत्तर देत असूं. पुढें कंटाळून नुसतें हूं म्हणूं लागलों. माणसास स्वतःचें असें कांहीं असूं द्यावें कीं नाहीं, असें आम्हीं पत्नीपाशीं अनेकदां म्हटलें असेल. प्रेमळ वस्तींत राहण्याचें भाडें असें रोजच्या रोज भरावें लागतें, हें नवीन बिऱ्हाड करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

1994 च्या जुलैंत, धाकट्या मुलीच्या वेळीं, नववा लागण्यापूर्वींच मध्यरात्रीं पत्नीच्या पोटांत दुखूं लागलें. वीज गेलेली, घरांत टेलिफोन नाहीं, आणि वाऱ्यानें माड असे वांकलेले कीं अंगणांत उभें राहावयाची छाती होईना. आम्हीं गडग्यावरून एक हांक मारली. एकच. काकी, त्यांचे यजमान आणि थोरला मुलगा तिघेंही धांवलीं. मुलगा भाड्याची रिक्षा चालवीत असे. त्यानें पाण्यांतून रिक्षा काढली, काकी पत्नीस धरून मागें बसल्या, आणि आम्ही कंदील घेऊन निरुपयोगी मनुष्याप्रमाणें पुढें बसलों. सकाळ झाली तेव्हां मुलगी झाली होती. काकी रात्रभर दवाखान्याच्या बांकावर ओल्या लुगड्यानें बसल्या होत्या.

चौथ्या दिवशीं आम्हीं केलें तें असें. एका पाकिटांत शंभराची नोट घातली, शेजारीं गेलों, आणि मुलाच्या हातीं पाकीट देऊन म्हणालों, "रिक्षेचं भाडं आणि तुमची तसदी." रात्रीच्या वेळचा दर काढून, वर कांहीं अधिक घालूनच ती रक्कम आम्हीं ठरविली होती. मुलानें वडिलांकडे पाहिलें. वडिलांनीं मान हलविली. पाकीट ठेवून घेतलें गेलें आणि आम्ही, ऋणमुक्त झालों अशा समाधानानें, घरीं आलों.

आठ दिवसांनीं पितळी डबा परत आला. घांसलेला, पुसलेला. आंत कांहीं नव्हतें. तळाशीं ती नोट, घडी घातलेली.

पत्नी अजून बाळंतिणीच्या खोलींत होती. तिनें डबा पाहिला आणि एवढेंच म्हणाली, "आपण त्यांना भाडोत्री ठरवलंत."

भांडण असें झालें नाहीं. समोरासमोर भेट झाली तर नमस्कार होई. बारशास तीं सर्व आलीं, वेळेवर आलीं आणि वेळेवर गेलीं. कोंकणांत याहून मोठी नाराजी दुसरी नाहीं. परंतु डबा थांबला, आणि त्या ओटीवरून येणारा प्रश्नही थांबला. आम्ही बेड्याबाहेर पडत असूं, यजमान सुपारी कातरीत बसलेले असत, वर पाहून हंसत आणि पुन्हां अडकित्त्याकडे पाहत. आम्ही कोठें चाललों आहों हें विचारण्याचें त्यांस आतां कारण उरलें नव्हतें. ज्या प्रश्नाचा सात वर्षें जाच वाटला, तो न आल्यानें दहा पावलांची वाट किती लांब होते, हें आम्हीं त्या वर्षीं मोजलें.

त्या दिवसांत संध्याकाळीं धक्क्यावर न जातां आम्ही थिबा राजाच्या राजवाड्याकडे फिरावयास जात असूं. वरून भाट्याची खाडी फार सुरेख दिसते. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा 1886 सालीं रत्नागिरीस आणला गेला आणि 1916 सालीं येथेंच मरण पावला. तीस वर्षें. 1910 मध्यें त्यास राहावयास हा वाडा मिळाला. पहारेकरी, नोकरचाकर, तनखा, सर्व कांहीं होतें. पण रात्रीं गडग्यावरून हांक मारावी असें त्यास कोणी होतें काय, हा विचार त्या चढावर आमच्या मनांत येई. राजाविषयीं वाटत होतें कीं स्वतःविषयीं, तें सांगतां येत नाहीं.

पुढल्या मे महिन्यांत आगोट जवळ आली. कौलें परतावयाचीं होतीं. त्याकरितां गडी ठरलेला, तो आपली शिडी घेऊन येणार होता. पत्नी म्हणाली, "त्याला सांगा, शिडी आणूं नकोस. शेजारून मागून आणा."

"आपल्याला गरज नसतां?"

"गरज नसतां नव्हे," ती म्हणाली. "गरज आहे."

आम्ही गेलों. पांच हात अंतर. पण वाईहून रत्नागिरीस येतांना कुंभार्ली घाट उतरतांनाही इतकें जड वाटलें नव्हतें. आजवर त्या घरीं आम्ही नेहमीं कांहीं देण्यास गेलों होतों. मागण्यास कधीं गेलों नव्हतों, हें ओटी चढतांना प्रथमच लक्षांत आलें. त्या रात्रींची हांकसुद्धां आम्हीं पैसे देऊन पुसून टाकिली होती. शिडी हवी होती, असें आम्ही म्हणालों. यजमानांनीं अडकित्ता खालीं ठेवला.

"शिडी पडवींत आहे," ते म्हणाले. मग थोडें थांबून, "पण मास्तर, तुम्ही चढूं नका हो. तुमच्यानं होणार नाही. पोरगा येईल."

मुलगा आला. गडी आणि तो दोघांनीं मिळून दुपारपर्यंत कौलें परतलीं. आम्हीं पैसे गड्यासच दिले. मुलगा जेवून गेला. दुसऱ्या सकाळीं आम्ही वाण्याकडे निघालों, तों ओटीवरून हांक आली, "कुठे चाललात, मास्तर?" त्या दिवशीं आम्हीं काय काय आणावयाचें आहे ती सबंध यादी उभ्यानें वाचून दाखविली.

त्यास आतां बरीच वर्षें लोटलीं. 1998 मध्यें कोंकण रेल्वेची वाहतूक सबंध मार्गावर सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर आली. आमच्या आळींतील तरुण मंडळी त्या गाडीनें गेलीं, बरींचशीं गणपतींत व शिमग्यांत तेवढीं येतात. श्रीदेव भैरीची पालखी वाड्यावाड्यांतून फिरते तेव्हां गर्दी पूर्वींइतकीच दिसते, मग पुन्हां कुलुपें. कांहीं घरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. तेथील बिऱ्हाडांशीं आमचा परिचय होत आहे. दारें बंद असतात, पण कोथिंबीर मागावयास आम्ही मुद्दाम जातों, आणि मुली दार उघडतात. काकी व त्यांचे यजमान दोघेंही आतां नाहींत. रिक्षावाला मुलगा स्वतःच आजोबा झाला आहे आणि त्याचा नातू आम्हांस ओटीवरून तोच प्रश्न विचारतो.

शिडी आमच्या पडवींत आहे. त्या मे महिन्यांत ती परत करावयाची राहिली. मधून मधून ते घेऊन जातात, मग आम्ही जाऊन आणतों. तिच्या तीन पायऱ्या आम्हीं बदलल्या, चार त्यांनीं; एका वादळांत बाजूचा बांबू मोडला, तो कोणीं बसविला हें आतां दोन्ही घरीं आठवत नाहीं.