एका राजनिष्ठ डच घराण्याच्या मागावर

कुलवृत्तांत लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा दोन ठिकाणीं अडतो. मूळ पुरुष कोणत्या गांवचा, हें एक. आणि राज्य पालटलें तेव्हां तो कोणत्या बाजूस उभा होता, हें दुसरें. पहिला प्रश्न जुन्या दप्तरांवरून व तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरून सुटूं शकतो. दुसरा मात्र पुष्कळदां घरांतली वडील माणसेंच सुटूं देत नाहींत. हा दुसरा प्रश्न आम्हांस कॅनडा देशांत एका परक्या घराण्याच्या संगतीनें पाहावयास मिळाला. त्याची हकीकत वाचकांस रुचेल असें वाटतें.

ओंटारिओ प्रांतांतील आमच्या एका स्नेह्यांचें आजोळ डच वंशाचें. त्यांच्या आजोळचीं माणसें आपल्या नांवापुढें ‘यू. ई.’ हीं दोन अक्षरें लावितात. त्यांचा अर्थ ‘युनिटी ऑफ द एम्पायर’, म्हणजे साम्राज्याची एकता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत जे वसाहतवाले इंग्लंडच्या राजाशीं एकनिष्ठ राहिले व त्यापायीं देशोधडीस लागले, त्यांच्या वंशजांस हा मान १७८९ सालीं गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यानें देऊं केला. आमचे स्नेही आपला मूळ पुरुष मेजर पीटर व्हॅन अल्स्टाइन याच्या जीवनाचा शोध करीत होते. बरोबर त्यांच्या वृद्ध मावशीबाई होत्या. त्यांनीं आम्हांसही सोबत येण्याचा आग्रह केला, आणि आम्ही निघालों.

पहिला मुक्काम न्यूयॉर्क संस्थानांत, हडसन नदीच्या पूर्वेस, किंडरहुक नांवाच्या गांवीं झाला. ‘मुलांचा कोपरा’ असा या डच नांवाचा अर्थ. हा मुलूख प्रथम डचांचा होता. १६६४ सालीं इंग्रजांनीं तो घेतला व न्यू ॲम्स्टरडॅमचें न्यूयॉर्क झालें. पण शरणागतीच्या करारानें डचांची मालमत्ता व त्यांचा धर्माचार राखला गेला. त्यामुळें राजा इंग्रज आणि घर डच, अशी स्थिति शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. गांवाबाहेर १७३७ सालीं बांधलेलें व्हॅन ॲलन घराण्याचें विटांचें घर अद्याप उभें आहे. उतरतें उंच छप्पर, दोन खणांचें दार, मोठी चूल. घर पाहतांना आपण हॉलंडांतच आहोंत असें वाटतें.

डच नांवांची रीत आपल्या लोकांस चटकन् समजेल. पूर्वीं त्यांच्यांत आडनांव नसेच. स्वतःच्या नांवापुढें बापाचें नांव लावीत, जसें आपण मधें लावतों. इंग्रजी अमलांत कायमच्या आडनांवाची गरज पडूं लागली, तेव्हां अनेकांनीं गांवावरून तें घेतलें. ‘व्हॅन’ म्हणजे ‘अमक्या ठिकाणचा’. आपला ‘कर’च तो. आपण तो शेवटीं जोडतों, ते आधीं जोडतात, एवढाच भेद. मात्र या रीतीमुळें चर्चच्या जुन्या नोंदींत बाप एका नांवानें आणि मुलगा दुसऱ्याच नांवानें आढळतो, व शोधणाऱ्याची त्रेधा उडते.

याच किंडरहुकमध्यें १७८२ सालीं मार्टिन व्हॅन ब्यूरेन जन्मास आला. तो पुढें अमेरिकेचा आठवा अध्यक्ष झाला. त्याची मातृभाषा इंग्रजी नव्हे, डच होती. एकाच खेड्यांतील डच वस्तींतून एक मनुष्य नव्या राज्याच्या सर्वोच्च पदीं चढला, आणि दुसरा जुन्या राजासाठीं परागंदा झाला! राजा आपल्या जातीचा नाहीं, भाषेचा नाहीं. मग त्याच्यासाठीं घरदार कां सोडावें? वास्तविक डच लोक दोन्ही बाजूंस होते. त्यांच्या चर्चमध्येंही तट होते. धर्मोपदेशकांच्या नेमणुकींत ॲम्स्टरडॅमचाच अधिकार मानणाऱ्या जुन्या वळणाच्या पक्षांतून पुष्कळजण राजाकडे झुकले. जुनें मोडूं नये, ही त्यांची वृत्ति राज्यकारभारांतही उतरली असावी. कित्येक घरांत भाऊ एका बाजूस आणि भाऊ दुसऱ्या बाजूस, असें झालें.

पीटर व्हॅन अल्स्टाइन जनरल बर्गॉइन याच्या मोहिमेंत नौकापथकांत दाखल झाला. १७७७ च्या ऑक्टोबरांत साराटोगा येथें बर्गॉइन शरण आला आणि युद्धाचें पारडें फिरलें. १७७९ सालीं न्यूयॉर्कच्या विधिमंडळानें राजनिष्ठांच्या इस्टेटी जप्त करण्याचा कायदा केला. १७८३ सालीं तह झाला. त्या सुमारास साठ हजारांच्या आसपास माणसांनीं ती भूमि सोडली. त्यांपैकीं एका तुकडीचें पुढारीपण मेजर व्हॅन अल्स्टाइनकडे आलें. न्यूयॉर्कहून जहाजानें सेंट लॉरेन्स नदीवरील सोरेल येथें येऊन त्या मंडळींनीं कडाक्याचा हिंवाळा काढला, व पुढल्या वसंतांत सपाट तळाच्या होड्यांतून, धबधब्यांच्या जागीं होड्या दोरांनीं ओढीत, ती वर निघाली. १७८४ च्या जूनच्या १६ तारखेस हीं सुमारें अडीचशें माणसें क्विन्टी उपसागराच्या कांठीं उतरलीं. त्या जागेस पुढें तिसऱ्या जॉर्जच्या एका पुत्रावरून अडॉल्फसटाउन हें नांव मिळालें.

आम्ही तेथें पोंचलों तेव्हां पाणी अगदीं निश्चळ होतें. किनाऱ्यावर ती जागा राखून ठेविली आहे. जवळच एक स्मशानभूमि आहे. उतरल्यावर थोड्याच काळांत एक मूल दगावलें, त्याला येथें पुरलें, आणि तेथूनच या स्मशानास आरंभ झाला, असें परंपरा सांगते. शंभर वर्षांनीं, १८८४ सालीं, तेथें स्मारकस्तंभ उभारण्यांत आला. मावशीबाई कांहीं वेळ तेथें निःशब्द उभ्या राहिल्या.

सरकारनें या लोकांस जमीन, धान्य व हत्यारें दिलीं. कुटुंबप्रमुखास शंभर एकर, माणशीं आणखी पन्नास. अधिकाऱ्यांस हुद्द्याप्रमाणें कितीतरी अधिक. जमिनीच्या वांटणीसाठीं चिठ्ठ्या टाकीत. झाडें तोडून शेत करतांना वर्षें गेलीं. १७८८-८९ चें वर्ष तर ‘उपासमारीचें वर्ष’ म्हणूनच लोकांच्या स्मरणांत राहिलें. व्हॅन अल्स्टाइन पुढें न्यायाधीश झाला. क्वेकर पंथाचा फिलिप डॉर्लंड निवडून आला होता, पण धर्मानुसार शपथ घेण्यास त्यानें नकार दिल्यामुळें त्याच्या जागीं १७९३ सालीं अप्पर कॅनडाच्या पहिल्या विधिमंडळांत व्हॅन अल्स्टाइन गेला. खाडीपलीकडे ग्लेनोरा येथें, जेथें डोंगरावरच्या तळ्याचें पाणी सुमारें दोनशें फूट खालीं कोसळतें, तेथें त्यानें धान्य दळण्याची पाणचक्की घातली. कांठावरून होडीनें पलीकडे जाऊन आम्ही तें तळें व चक्कीची जागाही पाहिली.

येथवर सगळें वाचावयास गोड वाटतें. पण आमचे स्नेही कागदांच्या बाबतींत कठोर होते. त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती. राजनिष्ठांच्या नुकसानभरपाईसाठीं इंग्लंडच्या सरकारनें एक मंडळ नेमलें होतें. त्याच्यापुढें हजारों अर्ज आले, साक्षी झाल्या, आणि एकंदर सुमारें तीस लक्ष पौंड मंजूर झाले. या अर्जांत किती एकर, किती गुरें, किती भांडीं गेलीं, तें बारकाईनें लिहिलें आहे. म्हणूनच शोधणाऱ्यास तीं दप्तरें सोन्यासारखीं वाटतात. परंतु हा सारा पुरावा मागणाऱ्यानें स्वतःच्या बाजूनें मांडलेला आहे. ज्यांनीं कांहीं मागितलें नाहीं, किंवा ज्यांना मागण्याचा अधिकारच नव्हता, त्यांचें काय?

दोन गोष्टी त्यांनीं टिपून ठेविल्या होत्या. ही जमीन मिसिसागा लोकांची होती. १७८३ च्या ऑक्टोबरांत कॅप्टन क्रॉफर्ड यानें बंदुका, दारूगोळा व कापड देऊन ती घेतली. पण त्या व्यवहाराचा मूळ खरेदीलेख आजतागायत सांपडलेला नाहीं. दुसरी गोष्ट घरचीच होती. मेजरच्या अडॉल्फसटाउनच्या घरांत निग्रो गुलाम होते. जुन्या ग्रंथकारांनीं तें लिहून ठेविलें आहे, आणि डच पद्धतीच्या तळघरांतल्या स्वयंपाकघरांत ते मोठ्या सुखांत राहत, धनी त्यांना वडिलांच्या मायेनें वागवी, असेंही जोडलें आहे. १७९३ च्या कायद्यानें नवे गुलाम आणण्यास बंदी झाली, पण असलेले सुटले नाहींत. पूर्ण मुक्ति १८३४ सालीं आली.

मावशीबाईंस ही गोष्ट कुलवृत्तांतांत नको होती. “मुलें वाचतील, आणि त्यांना लाज वाटेल,” त्या म्हणाल्या. स्नेह्यांनीं वाद घातला नाहीं. टिपण त्यांच्या हातीं दिलें. ग्लेनोराच्या उतारावर बसून बाईंनीं तें दोनदां वाचलें. मग चष्मा काढून म्हणाल्या, “तळघरांत ते सुखांत होते, असें तळघरांतल्यांनीं लिहून ठेविलें आहे काय?” “नाहीं,” स्नेही म्हणाले. “मग गुलाम होते तें लिही. तें सुख तेवढें गाळ.”

ऐंशीच्या घरांतल्या त्या बाईंच्या बोलण्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. घराण्याचा अभिमान त्यांनीं सोडला नाहीं. मूल पुरून पुन्हां कुऱ्हाड उचलणाऱ्या माणसांचा अभिमान सोडावा तरी कां? पण त्या अभिमानाच्या भरांत ज्यांचीं नांवेंही उरलीं नाहींत, अशा माणसांवर सुखाची खोटी साक्ष लादूं देण्यास त्या तयार नव्हत्या.

आपल्याकडील कुलवृत्तांतांत इनामें, सनदा व पराक्रम येतात, तें योग्यच आहे. पण ती इनामाची जमीन कसणारे कोण होते, वाड्याच्या मागल्या दारीं राबणारे कोण होते, याची एखादी ओळ तरी किती वृत्तांतांत सांपडते? पुढल्या पिढीस ती वाचतांना थोडा संकोच होईल. मात्र बाकीच्या पानांवरचा तिचा विश्वास त्यामुळें वाढेलच, असें आम्हांस वाटतें.