सावलीचा हिशेब

आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला कॉफीची बाग दाखवली, तर तो विचारेल, यात शेत कुठं आहे? माझ्या खालाचं सासर चिकमगळूरजवळ. त्यांची सहा एकर लांबून निव्वळ जंगलच वाटते. वर फणस आणि उंबर, त्याखाली पांगारा, त्यावर चढलेले मिरीचे वेल, मध्येच संत्र्याची झाडं आणि या सगळ्यांच्या पायाशी कॉफी.

जवळच बाबा बुदनगिरीचे डोंगर. हजहून परतताना बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणल्या, अशी आख्यायिका आहे. खालू ती पाहुण्यांना हौसेनं सांगतात, पण खरे रंगतात ते सावलीवर बोलताना.

ही सावली शोभेची नव्हे. अरेबिकाला ऊन जास्त लागलं की पांढरा खोडकिडा येतो. मादी खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी आतून लाकूड पोखरते आणि झाड उपटून जाळावं लागतं. उलट सावली दाट झाली तर फुलं कमी धरतात, पावसाळ्यात पानं कुजतात. म्हणून पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याच्या फांद्या छाटायच्या. किती छाटायच्या, हे खालू मान वर करून ठरवतात. ते पुस्तकात वाचून येत नाही. छाटलेला पाला तिथंच कुजतो. पांगारा शेंगवर्गातला, जमिनीला नत्रही देतो.

२००० नंतर जगभर कॉफीचे भाव कोसळले. "तेव्हा घर मिरी आणि संत्र्यांनी चालवलं," खाला सांगते.

आता मावसभावाला फणस-उंबर काढून सगळीकडे सिल्व्हर ओक लावायचाय. मूळ ऑस्ट्रेलियाचं हे झाड सरळसोट, भराभर वाढणारं, मिरी चढवायला आणि विकायलाही सोयीचं. त्याचा हिशेब खोटा नाही. मजूर मिळत नाहीत, डोक्यावर कर्ज आहे, आणि दुरून येऊन फणसाचं कौतुक करणारे माझ्यासारखे पाहुणे हप्ते भरत नाहीत. तरी मला खालूंचंच पटतं. ओकचा पाला लवकर कुजत नाही, पाखरांना खायला फळ नाही, माणसालाही नाही.

"एकाच भावावर जगायचं असेल, तर नोकरी कर की बेटा," खालू म्हणाले. भाऊ काही बोलला नाही.

यंदा तडजोड झालीय. रस्त्याकडच्या एका एकरात ओक लावायचा, ओढ्याकाठच्या फणसांना हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी वाटण्या आहेत.