एका अंकाचा लिलाव

लिलाव हा शब्द मूळचा पोर्तुगीज. तो उच्चारतांच जप्ती, गहाण पडलेलीं घरें आणि दारांत वाजणारी दवंडी हींच आजवर आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहत. अशा प्रकरणांत वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं आम्हीं स्वतः पडावें, आणि तेंही मुलांच्या एका चित्रकथेसाठीं, हें वाचकांस हास्यास्पद वाटेल. आमच्या घरांतील मंडळींसही तें तसेंच वाटलें. तरी हकीकत ऐकून घ्यावी.

१९६४ च्या मार्च महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया संस्थेनें ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथांची माला सुरू केली; १९९० सालीं ती बंद पडली. वेताळ, जादूगार मँड्रेक आणि परग्रहांवर हिंडणारा फ्लॅश गॉर्डन हे तिच्यांतील नायक. यांपैकीं गॉर्डन हा अलेक्स रेमंड या अमेरिकन चित्रकारानें १९३४ सालीं निर्माण केलेला. आम्ही जुने मॅट्रिक, संस्कृताच्या संस्कारांत वाढलेले. पुष्पक विमानाचें वर्णन वर्गांत रंगून करीत असूं. परंतु अग्निबाणांतून ग्रह ओलांडणारा हा वीर आम्हांस केवळ थिल्लर वाटे. यांतील विसंगति ध्यानांत यावयास फार वर्षें जावीं लागलीं.

१९८१ सालीं आम्ही मावळांतील एका शाळेंत शिक्षक होतों. पवनेकांठच्या गांवाहून दोन कोस चालत येणारा एक मुलगा, वर्गांत ‘देव’ शब्द चालविला जात असतां, मांडीवर गॉर्डनचा अंक ठेवून वाचतांना सांपडला. आम्हीं अंक हिसकावून घेतला, वर्गापुढें त्याचा उपहास केला आणि वर्षअखेर कपाटांतील रद्दीबरोबर तो अंक विकून टाकला. मागाहून कळलें कीं अंक त्याचा नव्हताच. लोणावळ्याच्या बाजारांतून रोज चार आणे भाड्यानें आणलेला होता. भरपाई त्यानें कोठून केली हें आम्हीं विचारलें नाहीं. पुढील जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. एवढ्यामुळेंच त्याची शाळा सुटली असें आम्ही म्हणत नाहीं. घरचें दारिद्र्य होतेंच. परंतु एवढ्यामुळें सुटली नाहीं, असेंही छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणवत नाहीं.

गेल्या श्रावणांत पुतण्या आपल्या मोबाईलवर जुन्या पुस्तकांचा लिलाव दाखवीत होता. त्यांत तें मुखपृष्ठ दिसलें आणि आमच्या हातांतील चहाचा पेला तसाच राहिला.

या बाजाराचे नियम पुतण्यानें समजावून दिले. मजकुराहून अधिक मोल अंकाच्या स्थितीस. टांचण्या गंजल्या आहेत काय, मुखपृष्ठ सुटलें आहे काय, हें आधीं पाहावयाचें. लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद उजेडानें व हवेनें पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून जुना शुभ्र अंक दुर्मिळ. अमेरिकेंत तर अशा अंकांस दहांपैकीं गुण देतात! परग्रहावरून आलेला सुपरमॅन ज्यांत प्रथम अवतरला, तो १९३८ सालचा दहा सेंटांचा अंक २०२४ मध्यें साठ लक्ष डॉलरांस गेला. आमचा अंक त्या कुळांतला नव्हे. मुखपृष्ठास चीर होती आणि कोपऱ्यावर शाईचा डाग. आपली कमाल रक्कम आधीं सांगून ठेवली, कीं यंत्रच गरजेपुरती एकेक पायरी बोली वाढवितें. मात्र आपली ओढ लवकर दाखवूं नये. बोली अखेरच्या क्षणीं लावावी.

आम्हीं दोन हजारांची मर्यादा घातली. रात्रीं दहाला लिलाव संपावयाचा. दहाला दोन मिनिटें असतां कोणी अज्ञात गृहस्थ पुढें गेला. “रद्दीला एवढे पैसे?” आमच्या कुटुंबानें विचारलें. तेव्हां प्रथमच आम्हीं ती सर्व हकीकत तिला सांगितली, अगदीं थोडक्यांत, कारण वेळच नव्हता. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “चाळीस वर्षांत हें मला कधीं सांगितलें नाहींत. आतां थांबूं नका.” तीन हजार चारशेंवर अंक आमचा झाला.

तो मुलगा आज पंचावन्नाचा आहे. लोणावळ्यांत त्याचें चिक्कीचें लहानसें दुकान आहे. भर पावसांत आम्ही तेथें गेलों. “या गुरुजी,” म्हणून त्यानें स्टूल पुढें सरकविलें. वाटेंत जुळविलेलीं वाक्यें ऐन वेळीं आठवलीं नाहींत. “माझें चुकलें रे,” एवढेंच म्हणून आम्हीं अंक त्याच्यापुढें ठेवला.

त्यानें हात पुसले. बराच वेळ मुखपृष्ठाकडे पाहून तो म्हणाला, “ह्याची शेवटची चार पानं ऱ्हायली होती माझी, गुरुजी.”

आणि तो तेथेंच वाचूं लागला. गिऱ्हाइकें खोळंबलीं, अखेर मुलगा येऊन चिक्की तोलूं लागला. शेवटचें पान मिटून त्यानें वर पाहिलें. “सुटला की हो तो!”

आम्हीं मान हलविली. अंक आठवडाभर आमच्या घरांत होता, तरी आम्हीं तो वाचला नव्हता. त्याच्या आधीं शेवट जाणून घेण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.