काटा उतरल्यावर

दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत आटपायचं आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं हे सूत्र लोकलच्या डब्यांतून घरोघरी पोचलं आणि त्याने पुष्कळांचं वजन उतरवलं, यात वाद नाही. वाद आहे तो त्यापुढचा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी भरभर चालणाऱ्यांत पंधरा-वीस किलो उतरवलेले लोक सहज भेटतात आणि त्यांची तक्रारही ठरलेली असते. चेहरा ओढलेला दिसतो, दंडाखाली लोंबतं, पोटाची घडी हटत नाही. त्यावर बहुतेकांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी चालायचं, ट्रेडमिलवर आणखी अर्धा तास. लोकांना व्यायाम शिकवणं हा माझा धंदा, आणि मला हा उपाय उलटा वाटतो. वजन उतरल्यावर पहिला हक्क वजनं उचलण्याचा. चालणं दुसरं, क्रीम सगळ्यात शेवटी.

दंडाखालचं कातडं चिमटीत धरून बघा. जुन्या सुती साडीसारखं पातळ लागलं तर ते खरंच सैल कातडं. जाड, मऊ लागलं तर आत अजून चरबी आहे आणि तिच्याखाली भरीव असं फारसं काही उरलेलं नाही. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि आपल्याकडे ते मुळातच बेताचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2. एवढ्यावरून काट्याची लायकी कळावी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 2012 च्या अभ्यासातही नुसत्या एरोबिक व्यायामाने चरबी उतरली, पण स्नायू वाढले ते ज्यांच्या व्यायामात वजनं होती त्यांचेच.

यावर लगेच म्हणतील, कार्डिओ कमी केला तर वजन परत येईल. ही भीती खोटी नाही, म्हणूनच चालणं सोडा असं मी म्हणत नाही. वाढवू नका, एवढंच. दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू माणसाचा: दोन्ही एकत्र केलं की ताकद वाढतच नाही. त्याचं मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या प्रयोगात आहे. पण त्यात लोक आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमछाक होईपर्यंत धावणं-सायकल करत होते, आणि तरीही ताकद अडखळली ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रोने ऑफिस गाठणाऱ्या माणसाला तो धोका लागू होत नाही. आठवड्याला तीन दिवस स्क्वॉट, रो, प्रेस. त्याच दिवशी चालायचं असेल तर वजनं आधी. एरवी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची 150 मिनिटं स्टेशनला पायी जाण्यायेण्यातही भरतात, फक्त पाय उचलून चालायला हवं. प्रथिनांचं मात्र अवघड. वजन उतरवताना किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम तरी हवं आणि दोन वाट्या वरणात दहा-बारा ग्रॅमच्या वर काही जात नाही. शाकाहारी घरात पनीर, दही, सोयाबीन यांना ताटात रोजची जागा द्यावी लागते (मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं).

आता कातडी. ताणली गेलेली इलास्टिनची जाळी मोठ्या वयात नीटशी परत विणली जात नाही. उन्हाने आणि सिगारेटने ती आणखी विस्कटते. त्यामुळे घट्ट करण्याची हमी देणाऱ्या डबीवर पैसे घालवू नयेत. जपानमध्ये मध्यमवयीन स्त्रियांवर झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनांच्या व्यायामाने त्वचेचा आतला थर जाड झाल्याचं दिसलं. त्या स्त्रिया वीस किलो उतरवलेल्या नव्हत्या आणि अभ्यासाशी सौंदर्यप्रसाधनांची कंपनी जोडलेली होती, तेव्हा त्यावरून फार उड्या मारायला नकोत. मुंबईच्या दमट हवेत खरी निगा घड्यांची. पोटाखाली, जांघेत, छातीखाली घाम साचतो, अंधेरीहून उभ्याने घरी येईस्तोवर तिथे लाली आणि खाज सुरू होते, पुढे गजकर्ण. आंघोळीनंतर घडी उचलून टिपून कोरडी करायची, जिमचे घामट कपडे तिथेच बदलायचे. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब तर लावूच नये. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि आधीच सैल झालेलं कातडं त्या स्टेरॉइडने आणखी पातळ होतं.

एवढं करूनही पदरासारखी घडी लोंबत राहिली तर ती व्यायामाने जायची नाही. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं सोडून त्याला आणखी क्रंचेस मारायला लावणारे ट्रेनर मला पटत नाहीत. ते काम प्लास्टिक सर्जनचं. तोही साधारण वजन सहा महिने एका जागी टिकल्याशिवाय पोटाला हात लावत नाही, आणि तेवढ्या महिन्यांत अंगावर स्नायू चढले असतील तर कापायचं नेमकं किती, हे त्यालाही नीट ठरवता येतं.