माझं दळण

आमच्या मोहल्ल्यात कॉफी म्हणजे लग्नाच्या मांडवात जेवणानंतर मिळणारी, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली फेसाळ चीज. एरवी सगळा कारभार चहाचा. मीही शाळेतली बत्तीस वर्षं चहावरच काढली. त्यामुळे निवृत्तीनंतर मी कॉफी दळायचं हातयंत्र विकत घेतलं, तेव्हा घरादारात जे हसू झालं त्याबद्दल माझी तक्रार नाही. परभणीचा मे महिना, ओसरीवर बसलेला पांढऱ्या दाढीचा मास्तर, दोन गुडघ्यांत धरलेलं एक नळकांडं आणि त्याचा दांडा तो गरागरा फिरवतोय! शेजारच्या भाभी दारातूनच म्हणाल्या, "सर, मसाला दळताय का?"

या सगळ्याला कारण अम्मी.

अम्मीचं माहेर चाऊशांचं. मराठवाड्यातल्या वाचकांना चाऊश कोण ते सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की येमेनच्या हद्रमौत भागातून येऊन निजामाच्या फौजेत चाकरीला राहिलेल्या अरबांचे हे वंशज. हैदराबादेत बारकस ही त्यांची मोठी वस्ती. नांदेड-परभणीकडेही त्यांची घरं आहेत. पिढ्या उलटल्या तशी अरबी गेली, दखनी आली, मराठी आली. अंगावर लुंगी राहिली आणि काही घरांत गहवा राहिला.

गेल्या हिवाळ्यात अम्मीला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली, पण तोंडाची चव गेली. चहाचा कप भरलेलाच परत यायचा. एके दिवशी असरच्या नमाजनंतर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मेरेकू अब्बा का गहवा होना." पंचाऐंशी वर्षांच्या आईनं कित्येक महिन्यांनी काहीतरी मागितलं होतं.

बंगळुरूला असलेल्या भाच्यानं चिकमगळूरचे दाणे पाठवले. अरेबिका, तेही फिकट भाजलेले. अरबी गहव्याला काळी भाजणी चालत नाही. पुडक्यावर चिकमगळूरचं नाव वाचून बरं वाटलं. हजहून परतताना बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. काळ सतराव्या शतकातला सांगतात. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून हे पेय पीत. १५११ साली मक्केत त्यावर बंदी आली होती. ती किती टिकली हे आज मक्केला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा!

दाणे आले, पण दळायचे कशात? मी सरळ मिक्सरमध्ये घातले आणि फजिती करून घेतली. मिक्सरचं पातं दाणा दळत नाही, तोडतं. सापडला तो दाणा दहादा तुटतो, निसटला तो अर्धाच राहतो. भांड्यात एकीकडे मैदा, एकीकडे ठिकऱ्या. उकळल्यावर मैद्यातून सगळा कडूपणा उतरला, ठिकऱ्यांतून काहीच उतरलं नाही आणि गाळ तळाला बसायला तयार नाही. अम्मीनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बाजारात चार भांड्यांची दुकानं पालथी घातली. एकानं मिरी दळायची लाकडी चक्की दाखवली. शेवटी नातवानं मोबाइलवरून सगळ्यात स्वस्त होतं ते हातयंत्र मागवलं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात, त्यातलीच गत. आत सिरॅमिकचे दाते होते. ते काही वाईट नसतात, पण त्यांना फिरवणारी मधली कांब एकाच ठिकाणी अडकवलेली होती. दळण जाडसर ठेवलं की आतला दात्यांचा शंकू डोलायला लागायचा. एका बाजूला फट मोठी, दुसऱ्या बाजूला लहान. म्हणजे पुन्हा मैदा आणि ठिकऱ्या, शिवाय दंड भरून यायचा तो वेगळा. दांडाही वरच्या नटावरून सारखा निसटायचा.

तरीही मी हौसेनं घरात सांगत होतो, की हातानं दळण्यात एक वेगळी मजा आहे, यंत्राच्या घाईत ती हरवली वगैरे. बेगम कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बारा वर्षं या घराचा मसाला मी पाट्यावर वाटला. मिक्सर आणा म्हणून दोन वर्षं तुमच्या मागे लागले होते. तेव्हा या मजेबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत."

मी अम्मीकडे बघितलं. मला वाटलं, ही माझी बाजू घेईल. जात्यावर दळलेली ती बाई.

"चक्की?" अम्मी म्हणाली. "रात के तीन बजे उठती थी मैं. गाँव में गिरनी आई ना, उस दिन मैं दो रकात शुकराने की पढी."

खरं सांगतो, मी ओशाळलो. आपल्या दखनी सूफींच्या चक्कीनाम्यांवर मी एकदा लांबलचक व्याख्यान दिलं होतं. सतराव्या शतकातल्या विजापूरच्या परंपरेतली ही रचना. दळणाऱ्या बाईला जात्याच्या दांड्यात अलिफ दिसावा, फिरवता फिरवता तिचं जिक्र व्हावं, अशी कल्पना. मला ती आजही फार सुंदर वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांचंही मला अप्रूप. पण व्याख्यान देताना अम्मीच्या तळहाताकडे एकदाही बघितलं नव्हतं. पायलीभर जोंधळा रोज दळणं वेगळं आणि पेन्शनीत माणसानं वीस ग्रॅम दाणे फिरवणं वेगळं. हे दोन्ही 'हातानं दळणं' या एकाच नावाखाली घालू नये, एवढं मला त्या दिवशी कळलं.

अम्मीचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. गहवा बायकांचं काम नव्हतंच, ती म्हणाली. पाहुण्यासाठी गहवा करायचा तो घरातल्या मर्दानं, ही अरबांची रीत. जातं नानीचं, पण पितळी हावनदस्ता नानांचा. नाना स्वतः तव्यावर दाणे भाजत, स्वतः कुटत. कुटण्याला एक ताल असे. तो ऐकून शेजारपाजारचे लोक न बोलावता येऊन बसत.

"मग तो हावन कुठे गेला?" मी विचारलं.

१९४८च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, तेव्हा अम्मी आठ वर्षांची होती. निजामाच्या चाकरीतल्या अरबांची धरपकड झाली. नाना सात महिने छावणीत होते. घरात खाणारी पाच तोंडं. नानीनं हावन मोडीत घातला, पितळेच्या वजनावर. नाना परतले ते वाळून. हावन कुठे आहे हे त्यांनी कधीच विचारलं नाही आणि गहवाही पुन्हा केला नाही. चहा प्यायला लागले. मला आठवणारे नाना चहा पिणारेच. आमच्या घरात ४८ सालाबद्दल बोलायची पद्धत नव्हती. माझ्या वयाच्या पासष्टीत मी हे पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसरं यंत्र मी स्वतः निवडलं, माझ्या पेन्शनीतून. किंमत बेगमला अर्धीच सांगितली. पोलादी दाते, कांबेला वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग, म्हणजे डोलायचं नाव नाही, दांडा लांब, म्हणजे जोर कमी लागतो, आणि अंग इतकंच जाड की मुठीत मावावं. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम मावले तरी पुष्कळ. फिकट भाजलेला दाणा कठीण असतो, स्वस्त यंत्र तिथेच हार मानतं. हे दीड मिनिटात दळतं.

दळण बारीक-जाड करायला खाली एक चकती आहे, ती कटकट वाजत फिरते. दाते एकमेकांना टेकेपर्यंत ती आवळायची आणि तिथून कट मोजत मागं यायचं. मी आवळत होतो तोच खाटेवरून अम्मी ओरडली, "बस! खाली चक्की नक्को फिराऊ." कान गेलेत असं आम्ही समजत होतो, दात्यावर दात घासल्याचा आवाज तिला बरोबर ऐकू आला. रिकामं जातं फिरवू नये हे ती जन्मभर पाळत आली आहे. जाडी मग तिनंच ठरवली. चिमूट बोटांत चोळायची आणि मान हलवायची. भरड्यापेक्षा बारीक, रव्याला जवळ. चौथ्या खेपेला "हौ" म्हणाली.

बाकी बारीकसारीक गोष्टी हातानंच शिकवल्या. दाणे तांदळासारखे निवडून घ्यायचे, एक खडा गेला तर दात्याचा टवका उडतो. आमच्या कोरड्या हवेत भुसा विजेनं उडून भांड्याला चिकटतो. दाण्यांवर ओल्या बोटानं पाण्याचा एक थेंब फिरवला की उडत नाही. धुवायचं नाही, ब्रशनं झाडायचं. वेलदोडा यात कधीच घालायचा नाही, तो वेगळा ठेचायचा. नाहीतर वास जन्मभर जात नाही.

त्या संध्याकाळी वीस ग्रॅम दळले, अर्धा लिटर पाण्यात मंद उकळले, वेलदोडा टाकून खाली उतरवलं, गाळ बसू दिला. फिंजान आमच्याकडे कुठला? बेगमनं कपाटातून सुरम्याच्या डबीएवढ्या दोन वाट्या काढून दिल्या. अम्मी प्यायली.

"अब्बा के जैसा नहीं," ती म्हणाली.

"नहीं?"

"उनका थोडा जलता था."

अरबांत पुरे झालं की वाटी हातात हलवून परत देतात. हलवली नाही तर पुन्हा ओतायचं. हे मला अम्मीनंच सकाळी सांगितलं होतं. मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरतो. वाटी तिनं तशीच पुढे धरली. आणि दारातून बेगम म्हणाली, "मलाही द्या." किटली रिकामी झाली होती. मी दाणे निवडायला बसलो.