चौथ्याचा चहा

उपाहारगृहांतील बिलाचे समान भाग पाडणें यालाच न्याय समजणारे गृहस्थ पुष्कळ. चौघांचें बिल 840 रुपये, प्रत्येकी 210. भागाकार निर्दोष! परंतु चौथ्यानें, खिशाकडे पाहूनच, 40 रुपयांचा नुसता चहा घेतला होता. इतरांच्या मेजवानीला त्यानें 170 रुपयांची वर्गणी दिली, आणि संकोचानें हूं कीं चूं केलें नाहीं. 'तुझें तूं, माझें मी' हें आमच्या विद्यार्थ्यांचें सूत्र कानाला रुक्ष लागतें खरें. पण त्यांत या चौथ्याची अब्रू राहते.

बक्षिसीची गोष्ट निराळी. सेवाशुल्क आपोआप बिलांत घालण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें 2022 सालीं मनाई केली. 2025 सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें ती उचलून धरली. तेव्हां बडीशेपेच्या बशींत काय ठेवावें हें आपल्याच हातीं. ज्यानें वाढप्याला तीनदां गरम पोळीसाठीं पळविलें, त्याच्याकडे मी नुसतें पाहतों.