ट्रॅक तुटतो तिथे

सायकल ट्रॅक पाहायला गेले की सरळ भागात मी फार रेंगाळत नाही. तो कुणालाही आखता येतो. मी शोधते ट्रॅक तुटतो ती जागा: गल्लीचं तोंड, सोसायटीचं गेट, बसस्टॉपची मागची बाजू. पुण्यात २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली, तिच्या कडेने ट्रॅकही झाले. तरी सायकलवाले मुख्य रस्त्यावरूनच जाताना दिसतात आणि लोक म्हणतात, "बघा, करून दिलं तरी वापरत नाहीत." हे वाक्य मला फार लागतं. थोड्याथोड्या अंतरावर उतरायचं, पुन्हा चढायचं, मधेच लावलेल्या स्कूटरला वळसा घालायचा. शाळेला उशीर झालेली मुलगी कशाला जाईल तिथून?

वेगाचंही तसंच. नुसती पाटी लावून तो कमी होत नाही. जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात इतका पक्का बांधला गेला, की खड्डे न पडणारा रस्ता म्हणून पुणेकर वर्षानुवर्षं त्याचं कौतुक करत आले. ते रास्तच आहे. पण रस्ता गुळगुळीत, रुंद आणि वर एकेरी असला की गाडी आपोआप पळते. ताशी ३०वरून ५०वर गेलं की धडकेची ऊर्जा पावणेतीनपट होते, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही जवळपास तितकंच वाढतं. २०१६नंतर त्याच रस्त्यावर रुंद पदपथ झाले, बाकं आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

ट्रॅकसाठी जागा कुठून आणायची, हा आराखडा करताना पहिला प्रश्न. साडेतीन मीटरची लेन तीनची केली तरी पीएमपीची बस तिच्यातून जाते आणि तीन लेनमागे दीड मीटर सुटतो. ट्रॅकला किमान दोन मीटर लागतात. उरलेला अर्धा मीटर पार्किंगमधून काढायचा. इथे मात्र दुकानदारांशी बसून बोलावं लागतं, एकदा नाही, अनेकदा.

खरी कसोटी गल्लीच्या तोंडाशी. तिथे कोपऱ्याची गोलाई मी आवळून घेते, म्हणजे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो. पदपथ आणि ट्रॅक खाली न उतरवता गल्लीवरून त्याच उंचीने पलीकडे नेते. उतार चढायचा तो गाडीने. कागदावर हे सुंदर दिसतं. साइटवर मिस्त्री लगेच विचारतो, "मॅडम, पावसाचं पाणी कुठं जाणार?" त्याचं बरोबर असतं. गल्लीतून येणारं पाणी या उंचवट्यापाशी अडतं. मग त्याच्या अलीकडे, गल्लीच्या बाजूला, जाळीचा चेंबर घ्यावा लागतो आणि तो मुख्य पावसाळी गटाराला जोडावा लागतो. जाळीच्या पट्ट्या सायकलच्या वाटेला आडव्या हव्यात, उभ्या असल्या तर चाक अडकतं. दगडी पट्टीचा सांधा तर मी स्वतः बूट घासून पाहते. दोन सेंटिमीटरचा उंबरठाही व्हीलचेअरला नको असतो.

ट्रॅक रनिंग मीटरवर मोजला, की कंत्राटदार आधी सरळ तुकडे उरकतो आणि गल्ल्यांची तोंडं निधी संपेपर्यंत तशीच राहतात. म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येक तोंड स्वतंत्र बाब म्हणून लिहावं आणि काम तिथूनच सुरू करावं, यासाठी मी भांडते. पहिल्या पावसात पाणी कुठे तुंबतं ते कळतं, आणि सरळ भाग घालायच्या आत चेंबर हलवता येतो.